खातं कोणाकडे?

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात एकोणचाळीस जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे व अजित पवार हे दोन उपमुख्यमंत्री दहा दिवस आधीच आझाद मैदानावर शपथ घेऊन मोकळे झाले होते. म्हणजे एकूण बेचाळीस. राज्यघटनेच्या ९१ व्या दुरुस्तीनुसार विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठं मंत्रिमंडळ करता येत नाही. आपल्याकडे आमदार २८८, म्हणून मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त त्रेचाळीस. एक जागा शिल्लक ठेवायची आणि तिच्या आशेवर डझनभर आमदारांना झुलवत ठेवायचं, ही मराठी राजकारणातली जुनी रीत.

त्या एकोणचाळिसांत मुलुंडचं कुणी नव्हतं. मुलुंडकरांना याचं फारसं आश्चर्यही वाटलं नाही. १९९० पासून मुलुंड नेमानं भाजपचा आमदार निवडून देतं आहे. आधी वामनराव परब, १९९५ ला किरीट सोमय्या, मग १९९९ पासून सलग चार वेळा सरदार तारासिंह, आणि २०१९ व २०२४ ला मिहिर कोटेचा. या काळात पक्ष विरोधात बसला तसा सत्तेतही आला, पुन्हा पुन्हा आला. मंत्रिपद मात्र मुलुंडच्या वाट्याला आलं नाही. २०१४ च्या सरकारात बोरिवलीच्या विनोद तावडेंना शिक्षण मिळालं, घाटकोपरच्या प्रकाश मेहतांना गृहनिर्माण मिळालं. तारासिंह तेव्हा चौथ्यांदा निवडून आले होते. हक्काच्या मतदारसंघाची मनधरणी कुणी करत नाही, हे यामागचं साधं कारण असावं. जिथं जागा धोक्यात असते तिथं लाल दिवा जातो. मुलुंडनं मंत्री दिला नाही, पण अनेक मंत्र्यांच्या विरोधात कागदपत्रांची बाडं बाहेर काढणारे सोमय्या दिले, एवढीच काय ती भरपाई.

मंत्री नसल्यानं मुलुंडचं बिघडलं काय, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला चेक नाक्यावर नेऊन उभं करावं.

मुंबई संपते आणि ठाणं सुरू होतं ते मुलुंडला. लाल बहादूर शास्त्री मार्गावर एक नाका, पूर्व द्रुतगती मार्गावर आनंदनगरचा दुसरा. इथं पूर्वी महापालिकेचा जकात नाका होता आणि ट्रकांच्या रांगा रात्रभर लागायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. टोल मात्र राहिला. त्याची जन्मकथा १९९५ च्या युती सरकारातली. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपूल बांधायचे ठरले, त्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ उभं राहिलं, बाजारातून कर्ज उचललं गेलं, आणि ते फेडायला मुंबईच्या पाच वेशींवर टोल बसवायचा असा हिशेब झाला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन. पूल बांधणारं सरकार १९९९ ला गेलं, टोलवसुली पुढच्यांच्या काळात सुरू झाली. मंत्रिमंडळ बदललं तरी करार बदलत नाही, हा धडा मुलुंडकरांनी गाडीची काच खाली करून रोज गिरवला.

सगळ्यात फजिती झाली ती हरिओम नगरची. ही वसाहत मुंबई महापालिकेच्या हद्दीत, मालमत्ता कर मुंबईला, मतदान मुलुंडला. पण टोलनाका घरांच्या अलीकडे. मुलुंड स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गाडी काढली की आपल्याच गावात शिरल्याचा टोल. निवेदनं झाली, आंदोलनं झाली. प्रत्येक पक्षाचा माणूस विरोधात असताना नाक्यावर येऊन घोषणा देऊन गेला.

मग २०१४ आलं. टोलमुक्त महाराष्ट्राची भाषा झाली होती. डिसेंबरात शिवसेना सरकारात सामील झाली आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचा ‘सार्वजनिक उपक्रम’ हा तुकडा, ज्याच्या हाताखाली रस्ते विकास महामंडळ येतं, गेला एकनाथ शिंदे यांच्याकडे. शिंदे आमदार कोपरी-पाचपाखाडीचे. म्हणजे नाक्याच्या पलीकडचा शेजारीच नाक्याचा मंत्री झाला. १ जून २०१५ पासून राज्यातले बारा टोलनाके बंद झाले, त्रेपन्न नाक्यांवर छोट्या गाड्यांना माफी मिळाली. मुंबईच्या पाच वेशी जिथल्या तिथं. कंत्राट मोठं, भरपाईचा आकडा त्याहून मोठा, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. पण १४ ऑक्टोबर २०२४ ला, तोवर मुख्यमंत्री झालेल्या त्याच शिंदे यांच्या मंत्रिमंडळानं मध्यरात्रीपासून पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ केला, तेव्हा ते कारण कुठं गेलं हे कुणी सांगितलं नाही. पंधरा ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या. पंचेचाळीस रुपये वाचल्याचा आनंद खरा होता, त्यात खोट काढण्यात अर्थ नाही. एवढंच की जे काम दहा वर्षं होत नव्हतं ते एका बैठकीत झालं, आणि त्या बैठकीला आचारसंहितेचं घड्याळ समोर होतं.

महाराष्ट्रातली सरकारं कशी बनली आणि का पडली याचा इतिहास आपण सहसा माणसांच्या नावानं सांगतो. यशवंतराव, वसंतराव, दादा, साहेब. खात्यांच्या नावानं सांगितला तर तो वेगळा दिसतो.

१ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा यशवंतराव चव्हाणांपुढं विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई या चार तुकड्यांना एका दोरीत बांधण्याचं काम होतं. मंत्रिमंडळ हीच ती दोरी. विदर्भाला किती, मराठवाड्याला किती, मराठा किती, इतर किती, हा हिशेब तेव्हापासून आजतागायत शपथविधीच्या आदल्या रात्री मांडला जातो. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं म्हणत मराठी माणसानं ऊर भरून घेतला. इकडे मुख्यमंत्रिपद विदर्भात गेलं, चंद्रपूरच्या मारोतराव कन्नमवारांकडे. वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच ते वारले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल आज कुणाला फारसं सांगता येणार नाही, पण विक्रोळीचं कन्नमवार नगर पूर्व उपनगरातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. बसच्या पाटीवर त्यांच्याइतका कुठलाच मुख्यमंत्री टिकला नसेल. मधले दहाएक दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले ते थेट फेब्रुवारी १९७५ पर्यंत.

अकरा वर्षांहून जास्त. हा विक्रम अजून मोडलेला नाही. नाईकांच्या वाट्याला कोयनेचा भूकंप आला, बहात्तरचा दुष्काळ आला, रोजगार हमीची सुरुवात झाली, सिडको निघालं, नरिमन पॉइंटला समुद्र हटवून इमारती उभ्या राहिल्या. शिवसेना वाढत होती आणि तिच्याकडे सरकार काणाडोळा करतं म्हणून लोक तिला वसंतसेना म्हणत. यवतमाळच्या पुसदचा, बंजारा समाजातला हा माणूस एवढा टिकला याचं एक कारण असं सांगतात की साखरपट्ट्यातल्या कुठल्याच दोन सरदारांना दुसरा सरदार नको होता. मला हे कारण अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं असं की नाईक खाती वाटून दिल्यावर त्या मंत्र्यांना काम करू देत. आजच्या मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात प्रत्येक खात्याची फाइल एकदा येऊन जाते. तेव्हा तसं नव्हतं.

इथं थोडं लांब जाऊ. मुलुंडमधल्या बऱ्याच घरांतली मुलं आज मेलबर्न-सिडनीत आहेत, पण तिथल्या राज्यांचं राजकारण इकडे कुणाला ठाऊक नसतं. वास्तविक साचा एकच, ब्रिटिशांनी दोघांना दिलेला: गव्हर्नर, प्रीमियर म्हणजे आपला मुख्यमंत्री, आणि सभागृहाचा विश्वास असेतो मंत्रिमंडळ. नाईकांची अकरा वर्षं आपल्याला लांब वाटतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात थॉमस प्लेफर्ड १९३८ ते १९६५ असे सव्वीस वर्षं प्रीमियर होते. त्यांच्या टिकण्याचं गुपित मतदारसंघांच्या आखणीत होतं. एकोणचाळीस जागांपैकी सव्वीस ग्रामीण भागाला, तेरा ॲडलेड शहराला, आणि बहुसंख्य लोक मात्र शहरात. आपल्याकडे ते करावं लागलं नाही. मुंबईला ३६ जागा आहेत, २८८ च्या मानानं आणि लोकसंख्येच्या मानानं ठीकच. पण मुख्यमंत्र्यांची यादी काढा. मुंबईतून विधानसभेवर निवडून गेलेले दोनच ठळक आठवतात: कुर्ल्याच्या नेहरूनगरचे बॅरिस्टर बाबासाहेब भोसले आणि दादरचे मनोहर जोशी. उद्धव ठाकरे विधान परिषदेवर होते. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था अशी शिडी ज्याच्याकडे, त्याच्याकडे आमदारांचा गट. उपनगरातल्या आमदारामागं असतात त्या गृहनिर्माण सोसायट्या, आणि त्यांचे सभासद एकमेकांशीच भांडत असतात.

नाईकांनंतरचा पट भरभर उलटतो. शंकरराव चव्हाण, वसंतदादा. १९७८ च्या जुलैत शरद पवार चाळीसेक आमदार घेऊन दादांच्या सरकारातून बाहेर पडले आणि अडतिसाव्या वर्षी पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठी राजकारणाच्या कायमच्या वापरात आहे, पुढं प्रत्येक पिढीनं तो नव्या माणसासाठी काढला. १९८० ला इंदिरा गांधींनी पुलोद बरखास्त केलं. अंतुले आले, त्यांनी संजय गांधी निराधार योजना आणली, कुलाब्याचं रायगड केलं, आणि सिमेंटमध्ये अडकले. तेव्हा सिमेंट कोट्यावर मिळायचं, आणि बिल्डरांना जादा सिमेंट देऊन त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याचा ठपका जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी ठेवला. निलंगेकर मुलीच्या एमडीच्या परीक्षेतल्या गुणांवरून गेले. सुधाकरराव नाईक दंगलींनंतर गेले, मनोहर जोशी पुण्यातल्या भूखंडावरून, विलासराव २६/११ नंतर ताजची पाहणी करताना बरोबर कोण होतं त्यावरून, अशोक चव्हाण ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणावरून. विधानसभेची पाच वर्षं सलग पुरी करणारे मुख्यमंत्री दोनच, वसंतराव नाईक आणि २०१४ ते १९ मधले देवेंद्र फडणवीस. दोघंही विदर्भाचे, हा योगायोग विदर्भवादी मंडळी सोयीनं विसरतात.

पण खात्यांचा खरा बाजार मांडला गेला तो आघाड्यांच्या काळात. २००४ ची गोष्ट घ्या. राष्ट्रवादीला ७१ जागा, काँग्रेसला ६९. दोन जागा जास्त असूनही पवारांनी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडलं आणि त्या बदल्यात जादा मंत्रिपदं घेतली. गृह, अर्थ, जलसंपदा, ऊर्जा अशी वजनदार खाती आपल्याकडे ठेवली. त्या वेळी अनेकांना हा मोठेपणा वाटला, काहींना चूक वाटली. पुढची दहा वर्षं पाहिली तर तो व्यवहार होता आणि पक्का व्यवहार होता. मुख्यमंत्र्याला उद्घाटनं आणि रोष मिळतो, खात्याला अंदाजपत्रक मिळतं.

त्यानंतरचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास लोक दूध तापवताना टीव्हीवर फडणवीस आणि अजित पवारांची शपथ पाहत होते. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करा म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी सरकार गेलं. ऐंशी तासांचं सरकार म्हणून ते ओळखलं जातं. जगात असं कुठं होतं का, असं तेव्हा बोललं गेलं. होतं. क्वीन्सलँडमध्ये १ डिसेंबर १८९९ ला अँडरसन डॉसन यांनी जगातलं पहिलं मजूर पक्षाचं सरकार बनवलं आणि ते आठवड्याभरात कोसळलं. फरक असा की डॉसनचं सरकार सभागृहात पडलं. आपलं सभागृहापर्यंत पोचलंच नाही.

राज्यपालांची गोष्टही तशीच जोडून पाहण्यासारखी. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जॅक लँग केंद्राला महसूल द्यायला तयार नव्हते. गव्हर्नर फिलिप गेम यांनी १३ मे १९३२ ला त्यांना सरळ बडतर्फ केलं. लँग गेले, आणि महिन्याभरात झालेली निवडणूक हरले. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये, शिंदेंच्या बंडानंतर, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरेंना बहुमत चाचणीला सामोरं जायला सांगितलं. त्याआधीच, २२ जूनच्या रात्री, ठाकरे कुटुंब मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ बंगला सोडून निघालं होतं. बॅगा गाडीत चढताना साऱ्या राज्यानं पाहिल्या. २९ जूनला त्यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी चाचणी बोलावणं चुकीचं होतं, पण ठाकरेंनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत बसवता येत नाही. सभागृहात जाऊन हरले असते तर कदाचित परत बसले असते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना न्यायालयाचं ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जाईल.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मुलुंडकडून पाहताना विशेष दिसते. नगरविकास खातं पूर्वापार मुख्यमंत्री आपल्याजवळ ठेवत आले. फडणवीसांनीही २०१४ ला गृह आणि नगरविकास दोन्ही ठेवली. ठाकरेंनी ते शिंदेंना दिलं. बंडाचे थोडे दिवस सोडले तर ते तेव्हापासून शिंदेंकडेच आहे: आधी मंत्री म्हणून, मग मुख्यमंत्री म्हणून, आणि डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात उपमुख्यमंत्री म्हणून, गृहनिर्माणाची भर घालून. सरकारं तीन झाली, नगरविकास एकाच हाती. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, नगरसेवक घरी गेले आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानं शहर चालवलं. प्रशासक नेमलेला राज्य सरकारनं. त्या काळात टी वॉर्डातल्या, म्हणजे मुलुंडच्या, माणसाला गटाराचं झाकण गेलं तरी तक्रार न्यायची कुणाकडे, तर शेवटी त्या एका खात्याकडे.

मुलुंडमधल्या कुठल्याही जुन्या चार मजली सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसून पाहा. तळमजल्यावर गाड्या बाजूला घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, सेक्रेटरींच्या हातात फायली, पहिल्या रांगेत सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे काका. पुनर्विकासाची चर्चा. कलम ७९-अ नुसार प्रक्रिया झाली का, म्हणून एक जण विचारतो. ते सहकार खात्याचं. त्याचे निर्देश २००९ चे, २०१९ ला सुधारलेले. किती वाढीव क्षेत्र मिळणार, म्हणून दुसरी विचारते. ते नगरविकासाचं, २०१२ च्या जानेवारीत फंजिबल एफएसआय आला तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, आणि ३५ टक्के हा आकडा तेव्हापासून इथल्या गृहिणींनाही पाठ आहे. मुद्रांक शुल्क महसूल खात्याचं, संक्रमणकाळातलं भाडं बिल्डरच्या लहरीचं. सभेत आमदाराचं नाव निघतं ते बहुधा सत्यनारायणाच्या आमंत्रणासाठी. मंत्र्याचं नाव निघतं तेव्हा आवाज खाली येतो, कारण कुणाचा तरी साडू त्यांच्या पीएला ओळखत असतो.

पालकमंत्री हा आणखी एक प्रकार. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला, त्यात विधानसभेच्या २६ जागा, मुलुंड धरून. जिल्हा नियोजनाचा पैसा कुठं जायचा ते पालकमंत्री ठरवतो. तावडे झाले, आदित्य ठाकरे झाले, मंगलप्रभात लोढा झाले, जानेवारी २०२५ पासून वांद्र्याचे आशिष शेलार, आणि जोडीला सहपालकमंत्री म्हणून लोढा. त्याच यादीतल्या नाशिक आणि रायगडच्या नेमणुका मित्रपक्षांच्या रुसव्याफुगव्यांमुळं दुसऱ्याच दिवशी स्थगित झाल्या. एका जिल्ह्याच्या पालकत्वासाठी सरकारातले पक्ष एकमेकांचे कपडे फाडतात ते हौसेनं नव्हे.

मुलुंडपुढं आज जो प्रश्न उभा आहे तोही मंत्रिमंडळाच्या टेबलावरूनच आला आहे. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी राज्य मंत्रिमंडळानं धारावी पुनर्विकासासाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन भाड्यानं घेऊन वापरायला मंजुरी दिली. त्यात कांजूर आणि भांडुपबरोबर मुलुंडच्या जमास्प मिठागराची ५८.५ एकर आहे. मालकी केंद्राची, ताबा राज्याकडे, घरं धारावीत अपात्र ठरणाऱ्यांसाठी, आणि भरतीचं पाणी मुलुंड पूर्वेच्या दारात. धारावीच्या माणसालाही कुठंतरी पक्कं छप्पर हवंच, त्याला दोष देऊन उपयोग नाही; पण खाडीलगतची सखल जमीन भरली की पाणी कुठं वळणार, आणि एका स्टेशनावर किती माणूस उतरणार, हे प्रश्न मुलुंडकरांनी विचारले आणि सगळ्या पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विचारले, सत्ताधाऱ्यांच्याही. मंजुरी झाली त्या दिवशी गृहनिर्माण खातं छत्रपती संभाजीनगरचे अतुल सावे यांच्याकडे होतं. अडीच महिन्यांनी ते नाक्यापलीकडे, ठाण्याला आलं.